कालवाच्या पेशींवरचा उजेड

लग्नाआधी मी कालवांचं रक्त काढायचे, असं एकदा नातीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आजी, कालवांना रक्त असतं?"

असतं. लाल नसतं एवढंच. तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं. शिंपलीच्या फटीतून सुई हलकेच आत सरकवायची, थेंबभर ओढायचं आणि काचेवर सोडायचं. त्या थेंबात जिवंत पेशी असतात. काच जरा स्थिर ठेवली की त्या आपले पाय काढतात आणि चालायला लागतात. मी त्यांच्याकडे डोळे फुटेस्तोवर बघत बसायचे. आमच्या आईचं म्हणणं, "इतकं कालवाकडे बघितलंस तर कालवं चांगली करता तरी यायला हवीत." ती मला कधीच आली नाहीत. अजून येत नाहीत.

ऐंशीचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. रत्नागिरीत खाडीच्या अंगाला एक लहानशी प्रयोगशाळा होती, तिथे मी नुकतीच लागले होते. पद तात्पुरतं, पण माझा रुबाब कायमचा. पांढरा कोट प्रयोगशाळेत घालायचा असतो. मी तो घरापासून घालून निघायचे. भर उन्हात, घामाने पाठ भिजलेली, पण कोट काढायचा नाही. वाटेत कुणी विचारलं, "डॉक्टरीण झालीस का गो?" तर "नाही" म्हणायला मी मुद्दाम उशीर लावायचे. आज ती पोर रस्त्यात भेटली तर मी तिचा कोट काढून पिशवीत कोंबीन.

आमचं काम काय, ते आईला जसं सांगितलं तसंच इथे सांगते. पेशीच्या अंगावर साखरेचे बारीक तुरे असतात. आपण अबईच्या शेंगांची भाजी करतो ना, त्या अबईच्या बियांत एक प्रथिन असतं. ते नेमकं त्या तुऱ्यांना जाऊन चिकटतं, दुसऱ्या कशाला नाही. आता हे चिकटणं दिसायचं कसं? तर त्या प्रथिनाला आधीच एक चमकणारा रंग जोडून ठेवायचा. वरून निळा प्रकाश सोडला की तो रंग हिरवा उजेड परत देतो. पेशी जितकी हिरवी, तितकं प्रथिन चिकटलेलं. मायक्रोस्कोपच्या डोक्यावर उजेड मोजणारी एक पेटी बसवली होती. तिचा काटा कुठवर गेला ते बघायचं. पुस्तकात याला प्रतिदीप्ती म्हणतात. आम्ही नुसतं चमक म्हणायचो.

यात दोन पथ्यं होती. एक म्हणजे उलटतपासणी. प्रथिन घालायच्या आधी पाण्यात तीच साखर भरपूर मिसळायची. मग प्रथिन त्या सुट्या साखरेतच अडकून बसतं, पेशीकडे जात नाही, आणि चमक उतरते. उतरली तरच आपलं चिकटणं खरं. दुसरं पथ्य शटरचं, म्हणजे दिव्यासमोरच्या झडपेचं. निळ्या प्रकाशाखाली रंग हळूहळू मरतो. बघत राहिलं की विझतो. म्हणून शटर उघडायचं, काटा बघायचा, झटकन बंद करायचं. शिवाय तो दिवा फार महाग, त्याचं आयुष्य तासांत मोजलेलं. आमचे सर एरवी देवमाणूस, पण शटर उघडं दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

रंग लावलेलं प्रथिन मुंबईहून थर्मासमध्ये, बर्फात घालून आलं. उघडलं तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं, आणि पाणीही कोमट. सरांनी बाटली उजेडाकडे धरली, फ्रिजमध्ये ठेवली आणि म्हणाले, "चालेल बहुतेक." सरांच्या प्रत्येक वाक्यात एक बहुतेक असायचं. मला तेव्हा तो त्यांचा भित्रेपणा वाटायचा.

त्याच सुमारास आईच्या पायाची जखम चिघळली. तिला साखरेचा आजार होता आणि पथ्य तिने दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेलं. टाचेशी एक साधा काटा रुतला, तो निघाला, पण जागा भरून येईना. चालणं बंद झालं. पडवीत खाट टाकली, तिथून ती सगळं घर चालवायची. डॉक्टरांचं मलम संध्याकाळी लावायचं. सकाळी मात्र तिची हळद, खोबरेल तेलात कालवून, कोमट करून. परड्यात तिने स्वतः लावलेली हळद, स्वतः उकडलेली, वाळवलेली, कुटलेली. बाजारची हळद ती जखमेला तर सोडाच, आमटीलाही लावू द्यायची नाही.

ही हळद लावायचं काम माझं. मी कोट घालून खाटेशी उकिडवी बसायचे आणि भाषण द्यायचे.

"आई, हे अशास्त्रीय आहे."

"बरं. जरा अंगठ्याने दाबून लाव, कडेला राहिलंय."

"जखमेवर स्वयंपाकघर लावून ती बरी होत नाही."

"तू आलीस की बरी होते. बडबड कर हवी तर, पण हात चालू ठेव."

मग मी मोरीत हात धुवायचे. हळदीच्या हाताला साबण लागला की फेस लालसर होतो, हे ज्यांनी धुतलंय त्यांना माहीत आहे. फेस पांढरा होईपर्यंत धुवायचा धीर मला नसायचा. अंगठ्याच्या नखाशी पिवळी रेघ राहायची ती राहायचीच.

आणि प्रयोगशाळेत आमच्या नळ्या कशा, तर बोटाएवढ्या, काचेच्या, बिनबुचाच्या. पेशी, समुद्राचं पाणी, प्रथिन, एकेक करून घालायचं. मग तोंडावर अंगठा दाबायचा आणि नळी हलकेच उलटीसुलटी करायची. जोरात हलवलं तर पेशी फुटतात. हातमोजे होते, पण ते आम्लांसाठी, आणि धुऊन वाळत घातलेले. आम्ही सगळेच अंगठा लावायचो. सरसुद्धा.

पहिल्यांदा चमक दिसली तो दिवस मला अजून स्पष्ट आठवतो. मायक्रोस्कोपच्या खोलीला काळा कागद लावलेला, भर दुपारी आत काळोख. मी शटर उघडलं आणि त्या काळोखात पेशी दिव्यांसारख्या लागल्या होत्या. हिरव्या, जराशा पिवळसर, कडेला जास्त, आणि सगळ्या चालत होत्या. उजेड अंगावर घेऊन चालत होत्या. काटा वर गेला. मी शटर बंद केलं आणि काळोखात एकटीच हसत बसले.

सर आले, त्यांनी बघितलं. "छान आहे," म्हणाले. "नुसत्या पेशी चमकत नाहीत ना?"

"नाही सर, बघितलं." खरंच बघितलं होतं. नुसत्या पेशींत मिसळायचं काहीच नव्हतं, म्हणून त्या थेट काचेवर ठेवल्या होत्या. त्या काळ्याठिक्कर होत्या.

"आणि साखर घातल्यावर?"

साखर घातल्यावर काटा तसूभर हलला नाही. चमक होती तशीच. आता कुठलीही शहाणी मुलगी इथे थांबली असती. आमच्या बाईसाहेबांनी काय ठरवलं? की आपल्याला एक नवंच चिकटणं सापडलंय, जे साखरेला जुमानत नाही. मी मनातल्या मनात त्याला नावही देऊन टाकलं. नाव सांगत नाही, आजही कान तापतात.

"बहुतेक काहीतरी चुकतंय," सर म्हणाले. "उलटतपासणी नीट लागेपर्यंत कुणाला सांगू नका."

मी घरी येऊन चप्पल काढायच्या आधी आईला सांगितलं.

"कसला उजेड गो?"

"हिरवा. पिवळसर हिरवा."

"काजव्यासारखा?"

"काजवा लागतो-विझतो. हा एकसारखा असतो. पण बघत राहिलं की विझतो."

आईने जरा विचार केला. "म्हणजे पटकन बघायचं."

"हो."

"मी पटकन बघेन. मला दाखवशील?"

"दाखवेन की. एकदा सर हो म्हणू देत."

तिने ते इतकं मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी वहिनीला सांगून पेटीतलं निळ्या काठाचं पातळ काढून घेतलं आणि उशाशी ठेवलं. दादा म्हणाला, "रिक्षा आणतो, मी उचलून आत नेतो, पाच मिनिटांचं काम." पाच मिनिटांचंच होतं. पण मला ते पक्कं झालेलं दाखवायचं होतं. आईला दाखवायचं आणि मग सर म्हणणार चुकलं. मग घरभर माझी कालवीण म्हणून थट्टा. मी म्हटलं, उलटतपासणी झाल्यावर.

रोज संध्याकाळी ती विचारायची, "झाली का गो तपासणी?"

"नाही अजून."

"परीक्षा तुझ्या कालवांची आहे की माझी?"

सगळे हसायचे. मीसुद्धा. सकाळी हळद लावायची, दुपारी नळ्या उलट्या करायच्या, काटा वर जायचा, साखरेने उतरायचा नाही, संध्याकाळी आई विचारायची. असे दिवस गेले. मग विष पायातून वर चढलं. ताप आला, तो उतरेना. इस्पितळात नेलं तेव्हा तिला माणसं नीट ओळखू येत नव्हती, पण मी वाकले तर म्हणाली, "पटकन बघेन हो. डोळे मिटणार नाही."

गणपती विसर्जन होऊन थोडेच दिवस झाले होते.

सवाष्ण गेली म्हणून पालीची आत्या हिरवं लुगडं घेऊन आली होती. मी उशाजवळचं निळ्या काठाचं काढून दिलं. आत्या ऐकेना. मी इतकी ओरडले की बाबा बाहेरून आत आले आणि म्हणाले, "ती म्हणतेय ते नेसवा." का, ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सुतक फिटल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. कालवं काढली, नळ्या लावल्या, अंगठ्याने बंद करून उलट्या केल्या, काळ्या कागदाच्या खोलीत बसले आणि शटर उघडलं.

काही नव्हतं.

पेशी होत्या. साध्या दिव्याखाली बघितलं तर चालत होत्या. पण निळ्या प्रकाशाखाली नुसता काळोख. काटा पडलेला. मी आदल्या दिवशीची कालवं टाकून नवी आणली. मग म्हटलं दिवा गेला असेल, दिवा ठीक. मग पावसाच्या गोड्या पाण्याने कालवं बिघडली असतील. पाऊस गेला, पाणी खारट झालं, तरी तेच. दिवाळी गेली. सर एकदा म्हणाले, "ते प्रथिन बहुतेक वाटेतच मेलं होतं. पहिल्यापासूनच."

"मग आधी काय चमकत होतं सर?"

त्यांनी चष्मा पुसला.

लोकांना वाटायचं मी आईसाठी रडते. रडतच होते, पण त्यात आणखी एक गोष्ट होती ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. मी मरणाऱ्या बाईला रोज एक उजेड सांगत होते. तिने त्यासाठी पातळ काढून ठेवलं होतं. आणि तो उजेड जर नव्हताच, माझ्याच डोळ्यांचा खेळ होता, तर मी तिला काय सांगत होते? मला शोध नको होता, नाव नको होतं. तो होता की नव्हता, एवढंच हवं होतं.

आमच्याकडे घरात मरण झालं की वर्षाच्या आत कार्य उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षं थांबायला माझं वय तयार नव्हतं, असं आत्याचं मत. मुंबईला नोकरीला असलेलं एक स्थळ आलं, माणूस कमी बोलणारा होता, मला तेवढंच आवडलं. फाल्गुनातली तारीख धरली. सरांनी सांगितलं, "तुम्ही गेलात की फ्रिज रिकामा करतो. ती बाटलीही टाकून देऊ." टाकीत शेवटची चार कालवं उरली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मला हळद लागली. आत्याने अगदी हात मोकळा सोडून माखली. तोंड, मान, हात, कोपरापर्यंत पिवळीधमक. मी बसून होते, लाकडासारखी. आत्या म्हणाली, "नीट लावून घे. बाजारची नाही ही. तुझ्या आईने तुझ्या नावाची हळकुंडं मडक्यात घालून ठेवली होती. तुझ्या वहिनीने कुटली."

जेवणं झाली, मांडवात बायका लवंडल्या. हात कसेबसे धुऊन मी मागच्या दाराने निघाले, तर आत्या जागीच.

"कुठे गो? हळद लागलेली पोर उंबऱ्याबाहेर पडत नाही!"

"आत्ये, चार कालवं राहिलीत."

"कालवं? उद्या अक्षता पडायच्यात आणि आज हिला कालवं!"

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी खुंटीवरची छत्री काढून माझ्या हातात दिली. "घेऊन जा. ऊन आहे." आत्याला म्हणाले, "येईल ती."

तर अशी ही नवरी, हिरवा चुडा भरलेली, कोपरापर्यंत पिवळी, डोक्यावर काळी छत्री, रत्नागिरीच्या उन्हातून कालवांचं रक्त काढायला निघाली. रस्त्यात कुणी "डॉक्टरीण" म्हटलं नाही. नुसते बघत राहिले.

सर होते. माझ्या अवताराकडे बघून म्हणाले, "अहो, आज?" मी म्हटलं, "शेवटचं सर." त्यांनी दिवा लावून दिला.

नळ्या लावल्या. अंगठा दाबला, उलटी, सुलटी. थेंब काचेवर. शटर उघडलं.

पेशी लागल्या होत्या. त्याच हिरव्या, त्याच पिवळसर, आधीपेक्षा कितीतरी जास्त, आणि चालत होत्या. काटा पार टोकाला. मी ओरडले, "सर! आहे! होता तो!" सर धावत आले, बघितलं, आणि कधी नव्हे ते बहुतेक न लावता म्हणाले, "आहे."

मी साखरेची काच ठेवायला पहिली काच काढली. घाईत शटर बंद करायचं राहिलं. माझा हात निळ्या प्रकाशाखालून गेला आणि त्या काळोखात माझा अंगठा उजळला.

हिरवा, पिवळसर.

मी हात तिथेच धरला. सरही बघत होते. मग मी नुसत्या पेशींचा थेंब घेतला, प्रथिन नाही, काही नाही, त्याला अंगठा टेकवला, आणि काच परत खाली ठेवली. पेशी उजळल्या.

"हळद," सर म्हणाले. "पाण्यात ती विशेष चमकत नाही. पेशीच्या चरबट कातडीला चिकटली की मग चमकते." थोडं थांबून ते म्हणाले, "म्हणजे काहीतरी चिकटत होतं. पण पावसात कुठून…"

"आईच्या पायाची," मी म्हटलं.

सर दाराशी जाऊन उभे राहिले.

लोकांना वाटतं, इथे मला फार बरं वाटलं असेल. उजेड खरा होता, आईला खोटं सांगितलं नव्हतं, वगैरे. तसं नाही झालं. मला एवढंच कळलं, की जे दाखवायला मी उलटतपासणीसाठी अडवून ठेवलं होतं, ते रोज सकाळी खाटेशी, तिच्या टाचेवर, माझ्या अंगठ्यावर होतं. आणि तिने बघितलं असतं तर काय झालं असतं? तिला काही साक्षात्कार झाला नसता. "छान आहे गो" म्हणाली असती, आणि वहिनीने गॅसवर काय ठेवलंय या काळजीने घरी चल म्हणाली असती. मला ते "छान आहे गो" हवं होतं. अजून हवं आहे. एवढी म्हातारी झाले.

मी डोळे लावून बसले. शटर बंद केलं नाही. एक पेशी निवडली, तिच्यामागे काच सरकवत राहिले. ती चालत होती, आणि फिकी होत होती. आधी पाय गेले, मग कड, मग मधला ठिपका राहिला. दिवा जळत होता. सर दाराशी उभे होते, मला त्यांच्या चपला दिसत होत्या. एकदाही म्हणाले नाहीत, शटर बंद करा. मी डोळे मिटले नाहीत.

सगळं काळं झाल्यावर साधा दिवा लावला. पेशी अजून चालतच होती.

घरी आले तर बाबा ओट्यावरच होते. छत्री घेत म्हणाले, "झालं का तुझं?"

"झालं."

"होता का उजेड? ती सारखी म्हणायची."

मला वाटलं नव्हतं त्यांच्या लक्षात असेल. मी नुसता हात पुढे केला. त्यांनी तो आपल्या हातात धरला, वळवून बघितला.

"छान चढलीय हळद," म्हणाले, आणि डोळे पुसत आत गेले. मी त्यांना समजावून सांगितलं नाही. काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने मला नहाण घातलं. साबण लावला, फेस लाल झाला, मोरीत वाहून गेला. तिने मान घासली, कोपर घासलं, एकेक बोट घासलं.

"मूठ उघड गो," म्हणाली.

अंगठा मी आत धरून ठेवला होता.

"उघड म्हणते ना! पिवळा अंगठा घेऊन बोहल्यावर उभी राहणार?"

राहिले.